भाड्याच्या घराचे धर्मशास्त्र

महाराष्ट्रातील शहरांत राहत्या घराच्या भाड्याचा जो करार होतो तो शेवटपर्यंत वाचण्याचे धाडस केले असता एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की राहण्यासाठी केलेल्या या करारात राहण्याविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. मुदत कधी संपेल, संपल्यावर जागा न सोडल्यास काय होईल, मुदतीआधी सोडल्यास काय कापले जाईल, सोडताना भिंतींचा रंग कसा असावा आणि पंखे किती असावेत, याचा तपशील त्यात पानोपानी आढळतो. मात्र नळाला पाणी किती वाजता येते, हा राहणाऱ्याच्या दृष्टीने आद्य असलेला प्रश्न कोणत्याही कलमात सापडत नाही. यावरून असा निष्कर्ष काढावा लागतो की घरभाड्याचा करार हा वस्तुतः निवासाचा करार नसून प्रस्थानाचा करार होय. हा माणूस कधीच जाणार नाही, ही मालकाची भीती असते. आपल्याला केव्हाही जावे लागेल, ही भाडेकरूची असते. आणि गेली शंभराहून अधिक वर्षे कायदा या दोन भीतींच्या मध्ये उभा राहून कधी एका पक्षाची तर कधी दुसऱ्याची समजूत घालत आला आहे.

या समजुतीचा इतिहास मुंबईत सुरू होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढली, घरे त्या मानाने वाढली नाहीत आणि भाडी मात्र वाढत सुटली, तेव्हा १९१८ साली भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा युद्धकालीन निर्बंध म्हणून करण्यात आला. पुढे दुसरेही महायुद्ध येऊन गेले आणि १९४७ साली मुंबई प्रांताचा सर्वपरिचित भाडे नियंत्रण कायदा झाला. हा कायदादेखील ठरावीक मुदतीपुरताच होता. परंतु मुदत संपत आली की ती वाढवून देण्यात येई, आणि अशा रीतीने थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेला हा पाहुणा अर्धशतकाहून अधिक काळ मुक्काम ठोकून राहिला. भाडेकरूंच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याने भाडेकरूचा धर्म इतक्या निष्ठेने पाळल्याचे उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भाडे गोठवून ठेवणाऱ्या त्यातील तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असा निर्वाळा दिला, आणि त्यानंतर 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे जुन्या कायद्याला नोटीस मिळाल्यापासून त्याने जागा खाली करेपर्यंत सव्वादोन वर्षे गेली. मुंबईतील ताब्याच्या दाव्यांचा अनुभव असलेल्या वकिलांना हा वेग अविश्वसनीयच वाटला असेल.

जुन्या कायद्याचा कणा म्हणजे 'प्रमाण भाडे' ही संकल्पना होय. मालकाला कायद्याने जास्तीत जास्त जेवढे भाडे घेता येते ते प्रमाण भाडे; आणि जुन्या इमारतींच्या बाबतीत १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच प्रमाण मानण्यात आले. त्यानंतर सोन्याचा, तांदळाचा, ट्रामच्या तिकिटाचा भाव बदलला, पुढे ट्रामच गेली, परंतु गिरगावातील वा लालबागेतील खोलीचे भाडे आपल्या जागी स्थिर राहिले. नव्या कायद्याने मालकाला दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली खरी, परंतु महिना ६० रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे २ रुपये ४० पैसे होतात, आणि ती वाढ वसूल करण्यासाठी मालकाने दोन मजले चढून जावे, की तेवढ्यात खाली चहा पिऊन परत जावे, असा आर्थिक पेच उभा राहतो. बहुतेक मालक चहाचा पर्याय स्वीकारीत, पण त्यासाठी पदरचे पैसे घालावे लागत.

अशा परिस्थितीत मालकाला भाड्यापेक्षा भाड्याच्या थकबाकीची आस लागली तर त्यात नवल नाही. भाडे थकले तर जागा परत मिळण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि तोही लेखी मागणीनंतर ९० दिवस वाट पाहिल्यावर. त्यामुळे अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात न आढळणारे एक दृश्य मुंबईत दीर्घकाळ पाहावयास मिळाले : पैसे घेण्यास नकार देणारा धनको आणि पैसे देण्याचा हट्ट धरणारा ऋणको. मालक भाडे नाकारी, भाडेकरू मनीऑर्डर करी, मनीऑर्डर 'घेण्यास नकार' या शेऱ्यासह परत येई, आणि भाडेकरू ती परतीची कागदे पासबुकाहूनही अधिक जपून पत्र्याच्या पेटीत ठेवी, कारण आपण पैसे देण्यास सदैव तयार व इच्छुक होतो, हे न्यायालयात सिद्ध करण्यास त्याहून चांगला पुरावा नव्हता. दुसरीकडे, योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर ती काढून घेता येते, अशीही तरतूद असल्यामुळे, सेवानिवृत्तीनंतर कोकणात स्थायिक झालेले अनेक भाडेकरू अधूनमधून मुंबईस येऊन खोलीत दिवे-पंखे लावून बसत, जेणेकरून विजेच्या बिलावर शून्याखेरीज एखादा आकडा उमटावा. त्या खोलीत राहणे हा हेतू नव्हता. राहत असल्याचे मीटरला कळवणे हा होता.

भाडेकरूचा मृत्यू हीदेखील जागा सुटण्याची हमी नव्हे. राहत्या जागेच्या बाबतीत, मृत्यूसमयी त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो. त्यामुळे आजोबांचे दुखणे वाढू लागले की एरवी पत्ता नसलेला नातू रेशनकार्डात नाव घालून शुश्रूषेस येतो, आणि रक्ताच्या नात्यातील जिव्हाळा वाढवण्याचे जे कार्य संतवाङ्मयालाही पूर्णपणे साधले नाही ते भाडे नियंत्रणाने काही अंशी साधले, असे म्हणण्यास जागा आहे.

यापुढची पायरी म्हणजे पागडी. भाडेपट्ट्याचा हक्क मिळवण्यासाठी भाड्याव्यतिरिक्त जी एकरकमी रक्कम दिली जाते तिला पागडी म्हणतात. १९४७ च्या कायद्याने ती घेणे हा गुन्हा ठरवला होता आणि १९९९ च्या कायद्याने ती वैध केली. मधल्या काळात ती घेतली जात नव्हती, असा याचा अर्थ कोणी काढू नये. प्रचलित व्यवहारात जुना भाडेकरू आपला हक्क नव्याला विकतो आणि मालक संमती देण्याबद्दल त्या रकमेचा सुमारे एक तृतीयांश वाटा घेतो. म्हणजे जे घर आपले नाही ते भाडेकरू विकतो, आणि जे घर आपले आहे त्यातला तिसरा हिस्सा मिळाला म्हणून मालक समाधान मानतो. मालकी या संकल्पनेवर तत्त्वज्ञांनी बरेच लिहिले आहे. परंतु दादरच्या एखाद्या पागडीच्या व्यवहारास त्यांना साक्षीदार म्हणून बसवले असते तर ते लेखन बरेच आटोपशीर झाले असते.

दुरुस्तीच्या बाबतीतही कायद्याने न्याय केला आहे, तो फक्त प्लंबरला परवडत नाही. जागा चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असून, लेखी नोटीस देऊनही पंधरा दिवसांत त्याने ते न बजावल्यास भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी, असे कायदा सांगतो. महिना ६० रुपये भाडे भरणाऱ्यास या हिशेबाने वर्षाकाठी १८० रुपये मिळतात, आणि तेवढ्यात आजचा प्लंबर येऊन गळती पाहतो व ती आहे, असे सांगून जातो. ना मालक दुरुस्ती करी, ना भाडेकरूला ती परवडे, म्हणून शासनाने १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन केले. या इमारती आज उपकरप्राप्त म्हणून ओळखल्या जातात, आणि त्यांपैकी कित्येकांना बाहेरून लावलेले लाकडी टेकू हाच त्यांचा सर्वांत नवा भाग असतो.

भाडेकरूने स्वखर्चाने सुधारणा करावी तर तेथे वेगळा धोका. मालकाच्या लेखी संमतीवाचून 'कायमस्वरूपी बांधकाम' करणे हे जागा गमावण्याचे कारण ठरते, आणि कायमस्वरूपी म्हणजे काय, यावर न्यायालयांत इतका काथ्याकूट झाला आहे की त्या अवधीत काही बांधकामे आपोआप पडली असावीत. भारतीय गृहिणीने बसून स्वयंपाक करणे सोडून उभ्याने करण्यास सुरुवात केली, ही घटना समाजशास्त्रज्ञांनी आधुनिकतेची खूण म्हणून नोंदवली. मालकांच्या वकिलांनी ती ओट्याचे बांधकाम म्हणून नोंदवली. शेवटी १९९९ च्या कायद्याला स्पष्टीकरण जोडून सांगावे लागले की महापालिकेच्या परवानगीने केलेला स्वयंपाकाचा उभा ओटा, लाकडी आडोसा, हवेसाठी आवश्यक खिडकी, वातानुकूलन यंत्र, धुराडे इत्यादी गोष्टी कायमस्वरूपी बांधकामात मोडत नाहीत. भाकरी उभ्याने थापण्याचा हक्क अशा रीतीने विधिमंडळाच्या मान्यतेने प्रस्थापित झाला.

येथवर भाडेकरूच्या बाजूने झुकलेला हा तराजू दुसऱ्या बाजूस कसा गेला हे समजण्यासाठी 'लिव्ह अँड लायसन्स' या पद्धतीकडे वळले पाहिजे. भाडेपट्ट्याने राहणाऱ्याला जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने राहणाऱ्याला तसा कोणताही हक्क मिळत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील व्याख्येप्रमाणे परवाना म्हणजे जी गोष्ट एरवी बेकायदेशीर ठरली असती ती करण्याची अनुमती होय. याचा अर्थ असा की पुण्यात महिना २० हजार रुपये देऊन दोन खोल्यांत सहकुटुंब राहणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने घुसखोरी करीत नसतो, इतकेच. याहून अधिक गौरव त्याच्या वाट्यास येत नाही. भाडेकरूचे संरक्षण टाळता यावे म्हणून मालकांनी ही पद्धत स्वीकारली, आणि ती पुरती अंगवळणी पडते तोच १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर जागेत असलेले सर्व जण भाडेकरू ठरवण्यात आले. आदल्या रात्री पाहुणा म्हणून झोपलेला माणूस सकाळी हक्कदार होऊन उठला, या धक्क्यातून मालकवर्ग एक पिढीभर सावरला नाही. ज्यांच्याकडे रिकाम्या जागा होत्या त्यांनी त्यांना कुलूप लावले. कारण कुलूप भाडे देत नसले तरी दावाही लावत नाही आणि त्याला वारसही नसतात.

नव्या कायद्याने हे कुलूप काढण्याचा प्रयत्न केला. लेखी परवान्याची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडावी, न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि अडून बसलेल्याने परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी, अशी तरतूद त्यात आहे. तेव्हापासून भीतीने पक्ष बदलला. आता मालक निर्धास्त असतो आणि राहणारा दर अकराव्या महिन्यास पंचांग पाहू लागतो. हा अकराचा आकडाही लक्षात घेण्याजोगा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा प्रघात पडला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, त्यामुळे अकरा महिन्यांचे मूळ कारण नाहीसे झाले. प्रघात मात्र राहिला. कारण नाहीसे झाले म्हणून प्रघात सोडून देणे हा मराठी माणसाचा स्वभाव नाही.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली असून, करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानावे, असेही म्हटले आहे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शहरी भागात नोंदणीचे १ हजार रुपये आणि वरील २० हजारांच्या अकरामाही करारावर पाव टक्का दराने सहाशेच्या आसपास मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी जो मालक तोंडी करार करतो, तो कराराच्या अटी लिहिण्याचे कामच भाडेकरूकडे सोपवून मोकळा होतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

नोंदणी आता घरबसल्या होते. एजंटाचा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा टेकवण्याचे यंत्र घेऊन संध्याकाळी दिवाणखान्यात येतो, आणि तेथे या व्यवहारातील एकमेव शारीरिक संघर्ष घडतो. मालक बहुधा सत्तरीचे असून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा आयुष्यभराच्या कष्टाने वा भांडी घासण्याच्या पावडरीने पुसट झालेल्या असतात. यंत्र ते अंगठे ओळखत नाही. एजंटाचा माणूस बोट रुमालाने पुसतो, थोडे तेल मागतो, मग ते तेल पुसतो, "काका, जरा दाबून… इतकं नाही, हलकंच" अशा सूचना देतो, आणि चौथ्या प्रयत्नाअंती हिरवा दिवा लागला की उभय पक्ष करार न वाचताच एकमेकांचे अभिनंदन करतात. ज्याच्या घरावर त्याचा हक्क सर्वमान्य आहे त्याची ओळख पटण्यास पंधरा मिनिटे लागतात, आणि ज्याला कोणताही हक्क मिळणार नाही त्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागतो.

त्याआधी अर्थातच निवड झालेली असते. घर दाखवण्याच्या निमित्ताने जी मुलाखत होते ती नोकरीच्या मुलाखतीहून सखोल असून तिच्यात मूळ गाव, घरात कोण-कोण, पाहुणे किती वेळा, रात्री उशीर होतो का, स्वयंपाकात काय-काय होते, हे प्रश्न अपरिहार्य असतात. "आम्हाला तसं काही नाही हो, पण सोसायटीला चालत नाही" हे वाक्य या मुलाखतीचा गाभा होय. त्याचे वैशिष्ट्य असे की ते सोसायटीतील प्रत्येक सभासद उच्चारतो, आणि ज्या सोसायटीला चालत नाही ती नेमकी कोण, याचा शोध घेऊ जाता एकही इसम सापडत नाही. अविवाहितांना घर द्यायचे नाही, कारण ते जागा खराब करतात, असे मानले जाते. वस्तुतः अविवाहित माणूस भिंतीकडे सहसा पाहतच नाही, आणि दिवाणखान्यात साडेतीन फूट उंचीपर्यंत मेणाच्या खडूंनी जे चित्रकाम होते ते सुखी, प्रतिष्ठित, सहकुटुंब भाडेकरूंच्याच घरी होते. मुलाखतीच्या शेवटी, केवळ अर्ज भरण्यापुरते म्हणून, आडनाव विचारले जाते. काही आडनावे ऐकल्यावर मालकांना अकस्मात आठवते की त्यांची पुतणी पुढच्याच महिन्यात बदली होऊन येणार असून जागा तिच्यासाठी ठेवावी लागेल. महाराष्ट्रातील या पुतण्यांच्या बदल्या दरवर्षी इतक्या होतात, आणि त्या इतक्या नेमाने विशिष्ट वस्त्यांत आणि विशिष्ट आडनावांच्या वेळीच होतात, की त्या ज्या खात्यात नोकरीस आहेत ते खाते फार जुने असले पाहिजे.

निवड झाल्यावर मालक 'काका' आणि मालकीण 'काकू' होतात, आणि येथून भाडेकरूच्या हक्कांची खरी घसरण सुरू होते. भाड्याच्या रकमेची लेखी पावती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक असून ती न देणे दंडनीय आहे; परंतु 'घरमालक, पावती द्या' असे म्हणता येते तसे 'काका, पावती द्या' असे म्हणता येत नाही. पुढे जानेवारीत कचेरी घरभाड्याचे पुरावे मागते, वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, आणि तो मागताच काकांचा आवाज बदलतो. शहराच्या भारी वस्तीतही, कागदोपत्री महिना ८ हजार ३०० रुपयांत मिळणाऱ्या घरांचे रहस्य येथे आहे. वास्तविक प्राप्तिकर कायदा मालकांवर कमालीचा दयाळू असून, भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेवर दुरुस्ती आदी खर्चापोटी ३० टक्के सरसकट वजावट देतो आणि त्यापैकी एक रुपया तरी दुरुस्तीवर खर्च झाला का, हे विचारीतही नाही. गळका नळ तसाच गळत राहतो. मात्र आयकर विवरणपत्रात तो दरसाल दुरुस्त झालेला असतो.

त्या नळाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न स्वतंत्र प्रबंधाचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये राज्यांनी स्वीकारावा म्हणून जो आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे : चुनाकाम, दारे-खिडक्यांची रंगरंगोटी, नळाचे पाइप बदलणे, विजेचे वायरिंग ही मालकाची कामे, नळाचा वॉशर, तोटी, तुंबलेली मोरी, गिझर, बटणे, कड्या-कुलपे, इतकेच काय, माश्यांची जाळीसुद्धा भाडेकरूची. वरकरणी ही वाटणी स्पष्ट आहे. प्रत्यक्षात पाणी भिंतीच्या अलीकडे गळत असेल तर खर्च भाडेकरूचा, भिंतीच्या आत गळत असेल तर मालकाचा, आणि वरच्या मजल्यावरून येत असेल तर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेचा, अशी स्थिती असल्यामुळे पाण्याचा उगम शोधणाऱ्या प्लंबरला न्यायदंडाधिकाऱ्याचे महत्त्व प्राप्त होते, आणि तो ज्याने बोलावले असेल त्याच्या विरुद्ध सहसा निकाल देत नाही.

मालकाने जागेची पाहणी करावी, पण पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी, असे राज्याचा कायदा म्हणतो. आदर्श कायदा त्यासाठी २४ तास आधी सूचना मागतो. परंतु दोन्ही कायद्यांनी माळा हा घटक विचारात घेतलेला नाही. भाड्याने दिलेल्या घरात मालक एक माळा, एक कपाट वा एक अख्खी खोली स्वतःच्या सामानाची म्हणून बंद ठेवतो, आणि त्यात तांब्यापितळेची भांडी, जुने दिवाळी अंक, पाळण्याचे सुटे भाग आणि गणपतीचे मखर असते. भाद्रपद जवळ आला की मखर न्यायला, अनंत चतुर्दशी झाली की ते ठेवायला, आणि मध्यंतरी त्याला वाळवी तर लागली नाही ना हे पाहायला मालक येतात. ही कायद्याच्या अर्थाने पाहणी नव्हे. तथापि मखर उतरवताना बाथरूमचे दार उघडे असल्यास फरशीवरील डाग दिसतोच, आणि स्वयंपाकघरातून आलेल्या वासाची नोंद घेतली जातेच. मालक त्याच बंगल्यात खाली राहत असल्यास माळ्याची जागा पाण्याच्या मोटरचे बटण घेते. योग्य कारणावाचून भाडेकरूचे पाणी वा वीज तोडणे हा गुन्हा असल्याने ते कोणी तोडत नाही. फक्त भाडेवाढीची बोलणी चालू असतात त्या आठवड्यात मोटर नादुरुस्त होते.

गृहनिर्माण संस्था हा या नाट्यातील तिसरा पक्ष. सभासदाने सदनिका भाड्याने दिल्यास संस्था बिनभोगवटा शुल्क घेते. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासनाचा २००१ चा आदेश असल्याने त्यापलीकडचे पैसे संस्थांना सामान चढवण्या-उतरवण्याचे शुल्क, लिफ्टची झीज इत्यादी मार्गांनी उभे करावे लागतात. वार्षिक सभेत भाडेकरूला मत नसते. परंतु गच्चीवरील टाकी, कुत्र्यांचा उपद्रव आणि पार्किंग यांच्या दुरवस्थेचे कारण म्हणून त्याचा उल्लेख इतिवृत्तात आदराने केला जातो.

या साऱ्या संबंधाचा शेवट अनामतीच्या हिशेबात होतो. आदर्श कायद्याने राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली असली, तरी व्यवहारात ती बहुधा त्याहून अधिक असते, आणि मुंबईत तर भाड्याऐवजी भली मोठी रक्कम ठेवण्याचीही, म्हणजे 'हेवी डिपॉझिट'ची, पद्धत आहे. जागा सोडण्याच्या दिवशी मालक बॅटरी घेऊन येतात, जी यापूर्वी कधीही, वीज गेली असतानाही, भाडेकरूला दिसलेली नसते. प्रत्येक नळ उघडून बंद केला जातो, पंख्याचे रेग्युलेटर एक ते पाच फिरवून पाहिले जातात, पडद्याच्या दांड्या मोजल्या जातात, आणि शेवटी बॅटरीचा झोत भिंतीवरील एका छिद्रावर स्थिरावतो. करारात खिळा ठोकण्यास मनाई असते, म्हणून दूरदर्शी भाडेकरू चिकटवण्याचे हुक वापरतो. हुक काढताना त्याच्यासोबत तळहाताएवढा रंग निघतो, आणि जिथे एक खिळा पुरला असता तिथे पोपडा होतो. नेहमीच्या वापराने होणारी झीज भरून मागता येत नाही, हे तत्त्व उभयपक्षी मान्य असते. मतभेद एवढाच की भाडेकरूच्या मते ती संपूर्ण भिंत नेहमीच्या वापराने झिजलेली असते, तर मालकाच्या मते ती भिंत अशी आहे की नेहमीच्या वापराने झिजूच शकत नाही. तडजोड म्हणून एक महिन्याचे भाडे रंगकामापोटी कापले जाते. रंग मात्र पुढचा भाडेकरू ठरेपर्यंत लावला जात नाही, आणि पुढच्या भाडेकरूला, घर जसे आहे तसेच मिळेल, असे सांगितले जाते.

ताबा घेण्याच्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे, नळाचे व मीटरच्या आकड्याचे छायाचित्र दोघांनी मिळून काढावे आणि सामानाची यादी कराराला जोडावी, हा उपाय सर्वज्ञात, फुकट आणि परिणामकारक असून म्हणूनच तो क्वचित योजला जातो. पहिल्या दिवशी छायाचित्रे काढणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते, आणि काकांवर अविश्वास दाखवण्यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याची आपल्याकडे रीत आहे.

मालक आणि भाडेकरू हे दोन वेगळे वर्ग असल्याचे गृहीत धरूनच आजवरचे सर्व कायदे झाले, आणि त्यांच्या अपुरेपणाचे मूळ या गृहीतकात असावे. नाशिकला कर्ज काढून घेतलेली सदनिका भाड्याने देऊन नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहणारा मध्यमवयीन गृहस्थ आज प्रत्येक सोसायटीत आढळतो. हा गृहस्थ संध्याकाळी सात वाजता नाशिकच्या भाडेकरूला फोन करून दहा टक्के वाढ ही बाजारभावाच्या मानाने सौजन्यच असल्याचे पटवून देतो, आणि साडेसात वाजता पुण्याच्या काकांसमोर बसून पाच टक्केसुद्धा माणुसकीला धरून नसल्याचे डोळ्यांत पाणी आणून सांगतो. दोन्ही करार एकाच नमुन्यावरून, फक्त नावे बदलून तयार झालेले असतात. तरीही जे कलम नाशिकच्या कागदावर त्याला सौम्य वाटते तेच पुण्याच्या कागदावर जुलमी वाटते, आणि या दोन मतांत विसंगती आहे, असे त्याला स्वतःला कधीच वाटत नाही. दोन माणसांत न्याय करणे कायद्याला जमू शकेल. परंतु एकच माणूस सातला एक आणि साडेसातला दुसरा असतो, त्याला दोन्ही वेळा मान्य होईल असे भाडे ठरवण्याची तरतूद अद्याप कोणत्याही अधिनियमात झालेली नाही.